पट्टी काही दिसली नाही

सोमवार, ६ जुलै २००९

दिसली नाही म्हणजे नाहीच दिसली! दोन तास काल मी मंडळाच्या हॉलमध्ये बायकांच्या पहिल्या रांगेत बसले, टाळ्या वाजवल्या, तोंड हलवलं, आणि डोक्यात एकच — आता खाली पट्टी आली असेल, आता आली असेल. राघोत्तमराव कॉम्प्युटरमागून अंगठा वर करून दाखवतात. म्हणजे चाललंय! मी पण मान डोलावली. घरी येऊन कुलूप काढते तोवर पुण्याहून कीर्तीचा फोन. "आई, पट्टी कुठंय? भजन दिसलं, तू दिसलीस, पेटीवाले दिसले. बाबांचं काहीच नाही आलं."

तशीच परत गेले. हा माणूस वायरी गुंडाळत बसलेला. मी म्हणलं, काय केलंत? तर म्हणतात, "मला दिसली की, बाई! झकास तांबडी पट्टी, पांढरी अक्षरं." मी म्हणलं, तुम्हाला दिसून काय करायचंय? तुमच्या खुर्चीत येऊन बसलेत का बघणारे? माझ्या पोरीला दिसली नाही, म्हणजे जगात कुणाला दिसली नाही!

तर म्हणतात, "अवसरम नको, बाई, अवसरम नको." घाई नको. या लोकांच्या किती पिढ्या तंजावरात गेल्या देव जाणे, मराठी बोलतात ती आजोबांच्या आजोबांची, आणि मध्येच असा तमिळ खडा. घाई नको म्हणे! माणूस चौदा दिवस घरात नाही आणि मी घाई करू नको!

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल. ही डायरी कारखान्याने कीर्तीच्या बाबांना दिलेली. यांनी कधी उघडली नाही. मी चौथी शिकलेली, चुका होतील. कोण वाचतंय!

२२ जूनला, सोमवारी, सकाळी सातला हे घरातून गेले. निळा शर्ट, खांद्याला रेक्झिनची बॅग. अंबत्तूरला बावीस वर्षं लेथवर काम केलं, रोज याच वेळेला निघायचे. कारखाना मार्चमध्येच बंद पडला. पण खालच्या इस्त्रीवाल्याला वाटलं, कामालाच निघाले. तेव्हापासून पत्ता नाही. मोबाईल घरात ठेवून गेले.

आमचं मंडळ दर रविवारी संध्याकाळचं भजन इंटरनेटवर लाईव्ह दाखवतं. इथे वेस्ट मांबलमला गायचं आणि बंगलोर, तिरुपती, दुबई, कुठं कुठं माणसं बसून बघतात. भजन चालू असताना खाली पट्टीत लिहून येतं — अमक्याचा वाढदिवस, तमक्याकडे बारसं. त्या पट्टीत यांचं घालायचं ठरलं. "वसंतराव पिसाळ, वय ५४, चेन्नई. २२ जूनपासून घरी नाहीत. विसरभोळे आहेत. दिसल्यास कृपया कळवा." आणि माझा नंबर. मराठी माणूस परक्या गावात गेला तर मराठी माणसाकडेच जाणार ना? कुणीतरी बघेल, कुणीतरी ओळखेल. माझ्यापाशी एवढी एकच वाट आहे. आणि ती पट्टीच येत नाही!

आता पुढच्या रविवारी. म्हणजे अजून सहा दिवस.

बुधवार, ८ जुलै

हॉस्टेलच्या मुलींच्या चपात्या पोचवल्या आणि तशीच पीठ लागलेल्या हाताने राघोत्तमरावांच्या घरी. म्हणलं, मला दाखवा. माझ्या डोळ्यांना दिसल्याशिवाय मी उठायची नाही.

माणूस वाईट नाही. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं काढली. रिटायर झाल्यावर कॉम्प्युटर शिकले. मुलगी नंदिता सिरुसेरीला मोठ्या कंपनीत आहे, तिने हे सगळं बसवून दिलं, हे रविवारी चालवतात. पण बोलायला लागले की थांबत नाहीत. सुंदरीबाईंनी कॉफी आणून ठेवली ती गार झाली, तरी यांचं कॅमेऱ्याच्या वायरीचंच चालू.

मी म्हणलं, राव, मला एवढंच सांगा, पट्टी कुठं गेली?

मग दाखवलं. पडद्यावर दोन चौकोन असतात. डाव्या चौकोनात तयारी करायची. उजव्यातलं बाहेर जातं, जगात. दोन्हींच्या मध्ये एक बटण. पट्टी डावीकडे तयार झाली, यांना तिथे दिसली, हे खूश! बटण दाबायचंच राहिलं.

"म्हणजे स्वयंपाक केलात आणि ताटात वाढलाच नाही," मी म्हणलं.

सुंदरीबाई खो खो हसल्या. "अस्संच करतात हे! लग्नाला चाळीस वर्षं झाली, अजून वाढायला मीच!" राघोत्तमरावांचे कान लाल झाले. मला नाही हसू आलं. एक बटण! एका बटणासाठी आठवडा गेला माझा.

पट्टीत नाव काय घालू, हे विचारायलाही मागच्या वेळी अर्धा तास घालवला होता त्यांनी. मी सांगितलं होतं, कीर्तीचे बाबा असं घाला. "बाई, जगात कीर्ती किती, बाबा किती!" मग कागदावर लिहून दिलं.

गुरुवार, ९ जुलै

पोलीस स्टेशन. ती लेडी कॉन्स्टेबल, तक्रार लिहून घेतली होती तीच. तमिळमध्ये मला समजावते, जसं काही मी लहान आहे. "अम्मा, बॅग नेली. एटीएम कार्ड नेलं. दाढीचं सामान नेलं. याला हरवणं म्हणत नाहीत." मी म्हणलं, विसरभोळा माणूस आहे. तर म्हणते, "कार्ड नाही विसरले."

उठून आले. तिला काय कळतंय!

शनिवार, ११ जुलै

कीर्ती फोनवर — "बाबा कधीपासून गं विसरभोळे?" मी म्हणलं, तू पुण्यात असतेस, तुला काय माहीत. फोन ठेवला.

सोमवार, १३ जुलै

काल मी त्या कॉम्प्युटरवर पाण्याची कळशी ओतणार होते. खरंच.

काल बटण दाबलं. मला खूण करून दाबलं. पहिल्या रांगेत बसून मी बघितलं, बोट वर उचललं आणि खाली आपटलं. जीव भांड्यात पडला. डोळे मिटून भजन ऐकलं, किती दिवसांनी. आणि नंतर कीर्ती म्हणते, "आई, नाही आली. खाली नुसती बारीक तांबडी रेघ होती. दोरा असावा तशी."

तांबडी रेघ!

राघोत्तमराव घाम पुसत बसले. म्हणाले, उजव्या चौकोनात गेली होती हो, इथे यादीत लिहिलंय ना, गेली म्हणून! म्हणलं, यादीत असून कुणाला दिसतंय? मतदार यादीत माझी मेलेली सासूपण आहे.

नंदिताला सिरुसेरीला फोन लावला. रविवारची पण कामावर होती बिचारी. तिने विचारून विचारून शोधून काढलं. चित्रं एकावर एक रचलेली असतात म्हणे. सगळ्यांत वर पट्टी हवी, तिच्याखाली कॅमेऱ्याचं चित्र. रावांनी पट्टी खाली टाकली आणि वर कॅमेरा. उशी मांडली आणि तिच्यावर चादर अंथरली! किनार तेवढी बाहेर राहिली, तीच ती रेघ.

म्हणजे दोन तास पट्टी होती. माझा नंबर होता, यांचं नाव होतं, सगळं तिथेच होतं — झाकलेलं. नसती तर परवडलं असतं.

त्यात आणखी विचारलं किती माणसं बघत होती. एकतीस. एकतीस माणसं! मला वाटलं होतं हजार तरी असतील. राघोत्तमराव म्हणतात, "गेल्या रविवारी एकोणतीस होती, बाई. वाढतंय."

मंगळवार, १४ जुलै

पीठ जास्त भिजवलं. दोघांचं.

शुक्रवार, १७ जुलै

राघोत्तमराव स्वतः घरी आले. दारातच उभे राहून म्हणाले, नुसत्या अक्षरांपेक्षा फोटो पण घालू. फोटो बघून माणूस लवकर ओळखतो. मला पटलं. हे पहिल्यांदा काहीतरी कामाचं बोलले. शोधून दिला — कीर्तीच्या लग्नातला, फेट्यातला नको म्हणाले, तर मग कारखान्याच्या ओळखपत्रावरचा मोठा केलेला. त्यात हे अगदी असे बघतात, जसं फोटोवाल्याने काही चुकीचं माप घेतलंय.

या रविवारी मी रांगेत बसणार नाही. कॉम्प्युटरच्या मागेच उभी राहणार. अंगठ्याबिंगठ्यावर माझा विश्वास नाही.

सोमवार, २० जुलै

काय लिहू.

काल मी त्यांच्या खुर्चीच्या मागे उभी. भजन सुरू. बटण बघितलं. वर कोण, खाली कोण बघितलं. सगळं मला आता कळतं. म्हणलं, घाला. राघोत्तमरावांनी घातलं — आणि उजव्या चौकोनात यांचा फोटो आला. चारी बाजूंनी झेंडूचा हार. खाली समई. समई हलती, पेटलेली! आणि वर ठळक, भावपूर्ण श्रद्धांजली.

मी ओरडले. पेटी थांबली. सगळा हॉल मागे वळून बघतोय.

राघोत्तमरावांना काढताही येईना! इकडे दाबतात तर फोटो मोठा होतो, तिकडे दाबतात तर समई मोठी होते. शेवटी वायरच ओढली. कॉम्प्युटर बंद, लाईव्ह बंद, सगळं बंद.

मंडळाकडे फोटोची एकच चौकट. आमच्यात पट्टीत फोटो येतो तो फक्त गेलेल्या माणसाचा. जिवंत माणसाला नुसती अक्षरं. वाढदिवस, बारसं, सगळं अक्षरांत. फोटो घालायचा म्हणल्यावर त्यांनी नेहमीची फोटोची चौकट उघडली, जुन्याच्या जागी यांचा ठेवला आणि वरची अक्षरं बदलायची राहिली. "पळक्कम, बाई, हाताची सवय. मला क्षमा करा. मला क्षमा करा." माझे पाय धरायला निघाला म्हातारा.

किती वेळ होतं? मी विचारलं. ते म्हणाले पन्नास सेकंद.

किती माणसं?

चौतीस.

मंगळवार, २१ जुलै

सकाळपासून फोन. बंगलोरहून कुणी एक भीमसेनराव, माझी ओळखही नाही — "वहिनी, फार वाईट झालं. कधी झालं?" मी म्हणलं झालं नाही! "धीर धरा," म्हणतात. अहो, झालंच नाही! "हो, हो, पहिल्या दिवसांत असंच वाटतं." ठेवला.

मंडळातल्या दोघी जणी आल्या. बसल्या. माझ्या कपाळाकडे बघतात. कुंकू तिथेच आहे हे बघून एकमेकींकडे बघतात. एकीने केळी आणलेली. मी म्हणलं, केळी इथे ठेवा आणि घरी जा. माझा माणूस हरवलाय, मेलेला नाही, आणि मेला असेल तर मला आधी कळेल, तुमच्या इंटरनेटला नाही!

गेल्या. दार लावलं. मग वाटलं — आधी कळेल असं का म्हणलं मी? मला काय कळतंय? कुठे आहेत ते नाही कळत, जेवले का ते नाही कळत. एका खोलीत इतकी वर्षं झोपलेली मी, आणि मला एक पट्टी लागते.

बुधवार, २२ जुलै

महिना झाला.

लिहूनच टाकते. दुसरीकडे कुठं बोलणार.

विसरभोळे नाहीत ते. कधीच नव्हते. बावीस वर्षांत एक माप विसरले नाहीत. केसाइतका फरक राहिला तरी नग बाजूला काढायचे.

कारखाना बंद पडल्यावर घरातच. मी म्हणलं बसून काय करता, चपात्या लाटायला लागा. लागले. पण कशा लाटायचे! एकेक चपाती वाटीसारखी गोल. मध्ये जाड नको, कडेला पातळ नको. बोटाने चाचपून बघायचे. मी साठ करायची तेवढ्यात यांच्या वीस. २१ जूनला हॉस्टेलची वॉर्डन दारात उभी, चपात्या कमी पडल्या म्हणून. आणि हे शांतपणे एक चपाती परत मोडून लाटताहेत, गोल झाली नाही म्हणून! माझं डोकं फिरलं. वॉर्डनसमोर बोलले — तुम्ही असलात काय नि नसलात काय, उलट नसलात तर माझी कामं लवकर होतील.

त्यांनी लाटणं खाली ठेवलं. हात धुतले. टॉवेलला पुसले, एकेक बोट.

वॉर्डनला मराठी येत नाही. तरी तिला कळलं. मान खाली घालून चपात्या मोजायला लागली.

सकाळी गेले.

लोकांना काय सांगू? म्हणून विसरभोळे.

शुक्रवार, २४ जुलै

राघोत्तमरावांचा फोन. आवाज वेगळाच. आधी भलतंच बोलत बसले, तब्येत कशी आहे, जेवता का, बारीक दिसता. मी म्हणलं, तुम्ही मला कधी बघितलंत बारीक झालेली? रोज तर भेटतो! मग म्हणाले, "रविवारी तुम्ही पुढे रांगेतच बसा, बाई. मागे उभ्या राहू नका. पुढे, पहिल्या रांगेत. कॅमेऱ्यासमोर."

मी म्हणलं, तुम्ही परत समई पेटवाल!

"नाही, नाही. नुसती अक्षरं. वचन देतो. पण तुम्ही पुढे बसा."

बरं म्हणलं. म्हाताऱ्याला माझी भीती वाटते आता, एवढंच.

सोमवार, २७ जुलै

नाही दिसली. रेघ पण नाही. काही म्हणजे काहीच नाही.

मी गेल्याबरोबर स्वतः बघितलं होतं. उजव्या चौकोनात होती. वर होती. अक्षरं तीच, श्रद्धांजली नाही. मग सांगितल्यासारखी पुढे जाऊन बसले. दोन तास. आणि कीर्ती म्हणते, "आई, आज तर स्वच्छ होतं. बाकी सगळ्यांचे वाढदिवस आले. बाबांचंच नाही."

बाकी सगळ्यांचं आलं! मग मशीन बिघडलेलं नाही. वायर बिघडलेली नाही.

राघोत्तमरावांना विचारलं. म्हणे, "तांत्रिक आहे, बाई. बघतो." चार रविवार मी या माणसाची बडबड ऐकतेय. बटण चुकलं तर बटणावर अर्धा तास. चादर-उशीवर अर्धा तास. काल म्हणे तांत्रिक आहे. चार शब्द! आणि सगळा वेळ वायरीकडे बघत, माझ्याकडे एकदाही नाही.

मंगळवार, २८ जुलै

झोप नाही. चपात्या करपल्या, वॉर्डन काही बोलली नाही. तिने बोलायला पाहिजे होतं.

गुरुवार, ३० जुलै

मंडळाचा लॅपटॉप राघोत्तमरावांच्या घरीच असतो. आज नंदिताला सुट्टी, म्हणून मुद्दाम तिला गाठलं. राघोत्तमराव आतल्या खोलीत. मी आल्याचं ऐकलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

नंदिता चांगली मुलगी आहे, मराठी अडखळत बोलते, मधूनच इंग्लिश. मी म्हणलं, तू उघड आणि मला सांग. तिने रविवारचं सगळं तसंच्या तसं उघडलं. ती रचलेली यादी. वरून खाली एकेक. प्रत्येकाच्या पुढे बारीक डोळ्याचं चित्र. डोळा उघडा असेल तर ते जगाला दिसतं. मिटलेला असेल तर असूनही नाही.

वाढदिवस — डोळा उघडा. बारसं — उघडा. वसंतराव पिसाळ — मिटलेला.

मी म्हणलं, हा आपोआप मिटतो का गं? वीज गेली, वायर हलली, काही झालं तर?

"नाही काकू. आपोआप नाही होत. कुणीतरी इथे दाबावं लागतं."

कुणी?

आत टीव्हीचा आवाज. सुंदरीबाई कॉफी घेऊन येत होत्या, त्या दारातूनच मागे फिरल्या.

शुक्रवार, ३१ जुलै

सरळ विचारलं. तुम्ही डोळा मिटलात का? हो की नाही?

राघोत्तमरावांनी चष्मा काढला. पुसला. घातला. परत काढला. सुंदरीबाई आतून म्हणाल्या, "सांगून टाका हो! किती दिवस ठेवणार पोटात!" तर ते तिच्यावर खेकसले, तमिळमध्ये. या माणसाला खेकसताना मी पहिल्यांदा बघितलं. मग मला म्हणाले, "हो. मीच मिटला. दोन दिवस द्या, बाई. मी शब्दात अडकलोय. एक फोन यायचाय मला."

कुणाचा फोन? नाही सांगितलं.

म्हणजे राघोत्तमरावांना काही कळलंय. आणि ते चांगलं नाही. चांगलं असतं तर सांगितलं असतं! चांगलं कुणी पोटात ठेवतं का? पोलिसांनी यांना आधी कळवलं असेल. म्हणूनच पट्टी नको — गेलेल्या माणसाला शोधायचं कशाला. म्हणूनच मला पुढे बसवलं, सगळ्यांनी बघावं म्हणून. म्हणूनच बारीक दिसता म्हणतात.

परत त्यांच्या घरापर्यंत गेले. घंटी वाजवायला हात वर केला आणि वाजवली नाही. मी! मी कुणाच्या दारातून अशी परत आलेली नाही आयुष्यात. जोपर्यंत सांगत नाहीत तोपर्यंत झालेलं नाही, असं वाटलं.

शनिवार, १ ऑगस्ट

कीर्तीला फोन केला. तिनेच विचारलं, "तू काय बोललीस गं बाबांना?" सांगितलं. शब्द न् शब्द. ती रडली नाही, ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "वॉर्डनसमोर?"

रविवार, २ ऑगस्ट, दुपार

सकाळी राघोत्तमराव आले. आत या म्हणलं तरी उंबऱ्याच्या आत येईनात. बाहेरूनच सांगितलं.

जिवंत आहेत. त्यांनीच राघोत्तमरावांना फोन केला होता. समईच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी. कोइंबतूरहून, बूथवरून. तिथे एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागलेत. दर रविवारी ब्राउझिंग सेंटरमध्ये जाऊन भजन बघतात. त्या चौतिसांत एक हे! "फोन उचलल्याबरोबर पहिलं हेच विचारलं त्यांनी — ती काल रांगेत नव्हती, ती बरी आहे ना? स्वतःच्या फोटोचं नंतर म्हणाले. म्हणाले, माझं नाव काढा, ती बसते तेवढं दाखवत जा, आणि तिला सांगू नका. मी शब्द दिला, बाई. काल परत फोन आला, तेव्हा सांगितलं, मला आता हा शब्द पेलवत नाही. नको म्हणाले नाहीत."

मी रडले नाही. राघोत्तमरावांना म्हणलं, तुमचं मशीन राहू द्या. डोळा उघडू नका, बटण दाबू नका, कशाला हात लावू नका. फक्त कॅमेरा माझ्यावर ठेवा.

कॅलेंडरची मागची बाजू घेतली. वॉर्डनकडून काळा मार्कर आणला. अक्षरं मोठी काढली, वाकडी आली तर आली. संध्याकाळी पहिल्या रांगेत बसून छातीशी धरणार, दोन्ही तास, भजन थांबवायला सांगितलं तरी. लिहिलंय ते हे —

अहो, मी बोलले ते चुकलं. गुरुवारपर्यंत फोन करा. तुम्ही येता की मी येऊ, एक काय ते सांगा.